शंभर रिकाम्या कणग्या

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ही गोष्ट आफ्रिकेच्या पार दक्षिणेकडची. इतकी जुनी, की ती पहिल्यांदा कोणी सांगितली हे आता कोणालाच ठाऊक नाही.

तिथे नदीकाठी एक राज्य होते. नदीला लागून ताडासारख्या झाडांची राई होती. गावातल्या बाया त्या झाडांची कोवळी पाने कापत, मुळ्यांच्या रंगात उकळत आणि गवताच्या जुडीभोवती गुंडाळत वेटोळ्यावर वेटोळे शिवत. अशा कणगीत ज्वारी भरली, की तिला ना ओल लागे, ना कीड. एकेका कणगीवर एकेक घर वर्षभर जगे.

पाने कापायचा नियम एकच होता. एका झाडाची दोनच पाने घ्यायची, आणि शेंड्याच्या कोंबाला हात लावायचा नाही. कोंब गेला की झाड गेले.

एकदा शेजारच्या राजाचा निरोप आला, "सुगीआधी भेटीला येतो." झाले! इथल्या राजाने सगळ्या बायांना बोलावले.

"माझ्या अंगणात शंभर नव्या कणग्या हव्यात. पाहुण्याचे डोळे दिपले पाहिजेत."

दिकेलेदी नावाची म्हातारी विणकरीण उभी राहिली. "राजा, यंदा राईत तीस कणग्यांपुरतीच पाने आहेत."

"राई माझी की तुझी?"

"लावली आमच्या आज्यांनी. राखली आम्ही. तू तिथे कधी घागरभर पाणी तरी घातलेस?"

राजाचे तोंड लाल झाले. त्याने शिपायांना कुऱ्हाडी देऊन राईत धाडले. दिकेलेदी एका झाडाला पाठ लावून उभी राहिली. त्यांनी तिला ढकलून दिले आणि तिच्या डोळ्यांदेखत कोंबासकट शेंडेच्या शेंडे उतरवले.

"अरे, दूध हवे म्हणून गाईची कास कापता काय!" ती ओरडली. कोणी वळूनही पाहिले नाही.

मग भाले रोखून बायांना विणायला बसवले. बोटे सोलवटली, तरी उठू दिले नाही. दिकेलेदीने मात्र एक टाका घातला नाही.

शेजारचा राजा आला. रांगा पाहून म्हणाला, "केवढे हे धान्य!"

"छे, रिकाम्या आहेत," राजा ऐटीत म्हणाला. "शोभेच्या!"

पाहुणा निघून गेला. राई मात्र उभ्याउभ्या वाळली.

सुगी आली. ज्वारी अशी पिकली, की खळ्यांत मावेना. घरोघरच्या जुन्या कणग्या फाटल्या होत्या आणि नव्या विणायला पान नव्हते. धान्याचे ढीग उघड्या जमिनीवर पडले. तशात पावसाने झोडपले.

बाया राजाकडे गेल्या. "त्या कणग्या द्या. धान्याला कोंब फुटताहेत."

राजा म्हणाला, "अंगण ओकेबोके दिसेल."

ऐकलेत? लेकरांच्या तोंडचा घास कुजत होता आणि याला अंगणाची काळजी!

दिकेलेदी पुढे झाली. तिने एक कणगी उचलली, डोक्यावर ठेवली आणि भर दुपारी राजासमोरून चालू लागली. तिच्यामागे दुसरी बाई निघाली, मग तिसरी.

"अडवा त्यांना!" राजा गरजला.

शिपायांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांच्याही घरची ज्वारी भिजत होती. त्यांनी भाले खाली ठेवले आणि कणग्या उचलायला हात दिला.

शंभर कणग्यांत मावले तेवढे धान्य वाचले. उरलेले सडले. त्या वर्षी सारे राज्य अर्ध्या पोटी झोपले. लोकांनी राजाची आज्ञा मानणे सोडले. झाडांबाबतचा शब्द आता दिकेलेदीचा चाले. तिने बिया रुजवल्या, आणि ज्यांनी कोंब तोडले होते त्याच शिपायांना रोज नदीचे पाणी वाहायला लावले. पण अशी झाडे काही एका पावसात वाढत नाहीत. त्या रोपांची पाने कापण्याजोगी होईपर्यंत दिकेलेदीही नव्हती आणि राजाही नव्हता.

तात्पर्य: ज्याला राखता येत नाही, त्याला तोडायचा हक्क नाही.