ओल्या मुलींची भिंत

देवळामागची ही लांब भिंत बघा. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या या सगळ्या मुलीच आहेत. मी इथला गुरव. आजोबांकडून जसं ऐकलं, तसं सांगतो.

फार पूर्वी आमच्या सावरदऱ्यात मुलगी जन्मली की तिला टोपलीत घालून पलीकडच्या रानात ठेवून येत, असं सांगतात. होता होता गावातल्या मुली संपल्या. मग लोक दूर मुलखातून सुना आणू लागले. बहिर्जी पाटलाने आणलेली सून उजरी. तिची भाषा इथे कुणाला येत नव्हती. तिचं गाव कोणतं, हे कुणी विचारलंही नाही.

दोन वर्षांनी तिला मुलगी झाली. पाटलाने टोपली मागवली. उजरी मोडक्या बोलीत म्हणाली, "आजचा दिवस द्या. तिला भिंतीवर काढते. मागून तोंड आठवायला."

पाटलाने दिवस दिला. उजरी सकाळपासून भिंतीशी बसली. पाण्याला निघालेल्या बाया थबकल्या. तिची सासू सगुणाबाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सूनबाई, माझी थोरलीपण काढ. आता तीस वर्षांची असती. कडेवर पोर दे तिच्या."

मग दुसरी आली, तिसरी आली. कुणी लेकीला वेणी मागितली, कुणी पायात वाळे. उन्हं कलेपर्यंत भिंत भरली, आणि म्हणे, वारा नसताना त्या मुलींचे पदर हलत होते.

पाटील टोपली घेऊन आला. कडेवर पोर असलेल्या चित्रापाशी थांबून त्याने विचारलं, "ही कोण?"

"तुमची थोरली," सगुणाबाई म्हणाली.

त्याने चित्राच्या गालाला बोट लावलं. चैत्राचं ऊन, तरी बोट ओलं झालं.

"अजून वाळली नाही?"

"तीस वर्षांत वाळली नाही."

पाटील टोपली बाजूला ठेवून भिंतीशी बसला. मग त्याने हात पुढे करून नात मांडीवर घेतली, तिचं नाव राही ठेवलं. सुनेकडे बघून पहिल्यांदाच म्हणाला, "पोरी, तुझं गाव कोणतं?"

तिने सांगितलं. ते नाव त्याच्या तोंडात बसेना. नीट जमेपर्यंत तो म्हणत राहिला, आणि उजरी रडत रडत हसत होती.

आजही मुलगी झाली की बाप स्वतःच्या बोटाने तिला इथे काढतो. बाहेरून सून आली की सासरा आधी तिच्या गावाचं नाव विचारतो, आणि ते बरोबर म्हणता येईपर्यंत वरात घरात जात नाही. परवाच्या सुनेचं गाव जरा अवघड निघालं. सगळी वरात दुपारपर्यंत उन्हात उभी होती.