शेठजींचा रुमाल

चार दिवस विमलताई पोतनीस एकाच हिशेबात अडकल्या होत्या. यजमानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन सोमवारवर आलेलं, आणि त्या खर्चासाठी त्यांनी लहानपणापासून जमवलेली क्रिकेटपटूंची कार्डं गठ्ठ्यानं विकावीत की सुटी, हेच ठरेना.

जुन्या वस्तूंचे बडे व्यापारी दिवाणशेठ घरी आले. थुंकीनं अंगठा ओला करत त्यांनी कार्डं भराभर उलटली. पाच कार्डं मात्र त्यांनी रुमालानं बोटं पुसून मगच हातात धरली.

“सगळी रद्दी आहे, बाई. गठ्ठ्याचे दोन हजार देतो.”

विमलताईंनी नेमकी ती पाच उचलली.

“बाकीचा गठ्ठा न्या. ही सुटी विकायची आहेत. रद्दी चाळताना कुणी बोटं पुसत नाही, शेठ!”

शेठनी पुन्हा रुमाल काढला, या वेळी कपाळ पुसायला.