चुंदीची बिट्टी भिंतीपलीकडे

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चुंदी.
नाक लांब, डोळे बारीक. चालायची भिंतीच्या कडेकडेनं. तुरुतुरु, तुरुतुरु.

चुंदीला होती चार पिल्लं. पिल्लं चालायची कशी? आईचं शेपूट पहिल्याच्या तोंडात. पहिल्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात. अशी सगळी माळ. माळेच्या शेवटी बिट्टी. बिट्टी एवढीशी, चिंचोक्याएवढी.

चुंदी राहायची शहराच्या कडेला. शहर बापडं वाढतच होतं. आज एक इमारत, उद्या दुसरी. इमारत आली की भिंत आली. भिंत आली की गल्ली संपली.

एकदा संध्याकाळी चुंदी निघाली घरी. गल्लीत नवी भिंत होत होती. भिंतीत उरली होती एका विटेची जागा. त्यातून गेली चुंदी. मागून गेलं पिल्लू. पिल्लामागून पिल्लू. इतक्यात कुत्रं भुंकलं. भॉ, भॉ!
बिट्टी दचकली. तोंड उघडलं. शेपूट सुटलं.
आणि मल्लूमामा गवंड्यांनी शेवटची वीट लावली. ठक.

मामांना बिचाऱ्यांना काय ठाऊक?

चुंदीनं मागं पाहिलं. बिट्टी नाही. भिंतीला कान लावला. पलीकडून आवाज आला, "चिक चिक."


वळसा घालून जावं, तर मध्ये मोठा रस्ता. गाड्याच गाड्या. चिचुंद्रीनं तो ओलांडावा कसा? इकडे ऊन उतरत होतं. पिंगळा यायची वेळ झाली होती. पिंगळा म्हणजे छोटं घुबड. त्याला पिल्लं फार आवडतात. खायला.

चुंदीनं तीन पिल्लं कुंडीमागे लपवली. मग म्हणाली,
"भिंतबाई, भिंतबाई, वाट दे.
बिट्टी मला भेटेना."
भिंत म्हणाली, "मी कशी सरकू? मल्लूमामा वीट काढतील, तर वाट देईन."

चुंदी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मल्लूमामा थापी धूत होते.
"मामा, मामा, वीट काढा.
भिंत वाट देईना,
बिट्टी मला भेटेना."
मामा म्हणाले, "आत्ताच तर लावली. ढाकणेकाका सांगतील, तर वीट काढीन."

चुंदी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ढाकणेकाका म्हणजे वॉचमन. खुर्चीत बसून डुलक्या काढत होते.
"काका, काका, मामांना सांगा.
मामा वीट काढीनात,
भिंत वाट देईना,
बिट्टी मला भेटेना."
काकांनी एक डोळा उघडला. "मी कोण सांगणार? निमकरबाई हो म्हणतील, तर सांगेन."

पलीकडून आवाज आला, "चिक चिक."

चुंदी निघाली. जिना चढली. टुणुक, टुणुक. निमकरबाई म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरी. भिंत त्यांनीच घालायला सांगितली होती. त्या गॅलरीत मिरच्यांना पाणी घालत होत्या.
"बाई, बाई, हो म्हणा.
काका काही सांगेनात,
मामा वीट काढीनात,
भिंत वाट देईना,
बिट्टी मला भेटेना."
बाई म्हणाल्या, "भिंत काय मी हौसेनं घातली? रिक्षा गल्लीतून सुसाट जाते. पोरांनी खेळायचं कुठं? रिक्षा हळू चालेल, तर हो म्हणेन."

चुंदी निघाली. जिना उतरली. टुणुक, टुणुक. फाटकापाशी उभी होती भामाताईंची रिक्षा. टर्र, टर्र. भामाताईंचं लक्ष सारखं घड्याळाकडे.
"रिक्षाताई, रिक्षाताई, हळू चाल.
बाई होकार देईनात,
काका काही सांगेनात,
मामा वीट काढीनात,
भिंत वाट देईना,
बिट्टी मला भेटेना."
भामाताईंनी अर्धवटच ऐकलं. "हळू कशी चालू? मोठ्या रस्त्यावर निम्मा दिवस अडकते. रस्ता मोकळा होईल, तर हळू चालेन." टर्र करून गेल्यासुद्धा.

चुंदी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन गेलं झाडाच्या शेंड्यावर. मोठा रस्ता घामाघूम झाला होता. पीं पीं, पॉं पॉं.
"रस्तेदादा, रस्तेदादा, मोकळा हो.
रिक्षा हळू चालेना,
बाई होकार देईनात,
काका काही सांगेनात,
मामा वीट काढीनात,
भिंत वाट देईना,
बिट्टी मला भेटेना."
रस्ता म्हणाला, "मोकळा कसा होऊ? ही गल्ली बंद, ती गल्ली बंद. सगळे येतात माझ्याच अंगावर. भिंत वाट देईल, तर मोकळा होईन."

भिंत?
पुन्हा भिंतच?

चुंदी परत आली. तुरुतुरु... तुरु... तुरु. पाय दमले. भिंतीपाशी बसली.
"भिंतबाई, भिंतबाई, वाट दे.
रस्ता मोकळा होईना,
रिक्षा हळू चालेना,
बाई होकार देईनात,
काका काही सांगेनात,
मामा वीट काढीनात,
तू तर वाट देईनास,
बिट्टी मला भेटेना."
भिंत म्हणाली, "मामा वीट काढतील, तर."

आता कुणाला विचारायचं? विचारायला कुणी उरलंच नाही. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पलीकडून आवाज आला. अगदी बारीक. "चिक."
पिंगळा येऊन भिंतीवर बसला. मान गर्रकन फिरवली. खाली पाहू लागला.

चुंदीला रडू आलं.

तेवढ्यात आली रिक्षा. टर्र, टर्र, कच्च. समोर भिंत. रोजची वाट बंद. भामाताई कपाळाला हात लावून बसल्या.
चुंदीनं या वेळी काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "माझं पिल्लू पलीकडे आहे."
भामाताईंनी रिक्षा बंद केली. सगळं शांत झालं. मग त्यांनाही ऐकू आलं. "चिक."

भामाताईंनी भिंतीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "माझंही पलीकडेच आहे."

भामाताईंची छबी पलीकडच्या पाळणाघरात होती. सगळी मुलं घरी गेली होती. छबी दप्तर पाठीला लावून दाराकडे बघत बसली होती.

भामाताईंनी हात हलवून पिंगळ्याला हाकललं. फडफड, फडफड. गेला एकदाचा. मग म्हणाल्या, "रस्ता मोकळा होवो, नाही तर न होवो. आधी मी हळू चालते."

रिक्षा वळली. हळू चालली. टुक... टुक... टुक.
बाईंनी गॅलरीतून पाहिलं. चष्मा पुसला. परत पाहिलं. रिक्षा हळूच होती. दिल्या शब्दाला जागायला नको? बाई हो म्हणाल्या.
बाई हो म्हणाल्या, काकांनी सांगितलं.
काकांनी सांगितलं, मामांनी वीट काढली. ओलीच होती, चट्कन निघाली.
मामांनी वीट काढली, भिंतीनं वाट दिली.

वाटेतून आलं एक नाक. मग दोन डोळे. मग अख्खी बिट्टी.
"आई, किती उशीर केलास."
"हो गं. झाला खरा." चुंदीनं तिला चाटून चाटून ओलीचिंब केली. कुंडीमागची तिघंही पळत आली.

भामाताई रिक्षा लावून चालत आल्या. म्हणाल्या, "मामा, अजून थोड्या विटा काढा. माझं पिल्लू जरा मोठं आहे."
मामांनी वर पाहिलं. काकांनीही वर पाहिलं. बाई गॅलरीतून म्हणाल्या, "काढा, काढा. माणसं चालत जाऊ देत."
ठक, ठक, ठक. विटा निघाल्या. भामाताई वाकल्या, पलीकडे गेल्या. मोठ्या रस्त्यावर एक रिक्षा कमी झाली. रस्त्यानं हुश्श केलं.

पाळणाघराचं दार उघडलं. छबी पळत आली. धपाक्, आईच्या अंगावर.

पिल्लू आईच्या कुशीशी, गोष्ट तुमच्या उशाशी.