पोकळ फरशी आणि पूजेचा नारळ

गाड्या नुकत्याच माणसांच्या घरी राहायला आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. गाडीखाली झोपून पाठ धरायला लागली, म्हणून रंगनाथ पांचाळांनी घरच्या गॅरेजसाठी गाडी वर उचलणारी दोन खांबांची लिफ्ट पसंत केली. त्यांनी छताची उंची मोजली, गाडीचं वजन पाहिलं. फरशीला मात्र कुणी काही विचारलं नाही.

फरशीचा जीव खालीवर होत होता. घुशींनी तिच्या पोटाखालची माती कधीच उकरून नेली होती.

"सांगून टाक," कोपऱ्यातला जुना जॅक म्हणाला. "परवा गाडी उचलताना माझा पाय तुझ्यात खचला."

"तुला अडगळीत टाकणार म्हणून जळतोयस!" फरशी फणकारली. "आणि सांगितलं तर मला उखडतील."

"उखडतीलच. पण नाही सांगितलंस, तर गाडी मालकाच्या अंगावर येईल."

लिफ्ट आली. खांबांसाठी भोकं पाडण्याआधी पांचाळांनी पूजेचा नारळ उचलला. फरशीने श्वास रोखून धरला असता, तर तिचं पोकळपण लपलं असतं. नारळ आदळला आणि तिने श्वास सोडून दिला. भद्द!

पांचाळ दचकले. गुडघ्यावर बसून त्यांनी बोटांनी ठोकून पाहिलं आणि पहार आणली.

महिन्याभराने नव्या, जाड काँक्रीटवर लिफ्ट उभी राहिली. "आता बघा ताकद!" काँक्रीट ऐटीत म्हणालं.

तेवढ्यात खालून माती उकरल्याची खरखर ऐकू आली.

"ऐकलंस?" जॅकने विचारलं.

"कुठे काय?" काँक्रीट म्हणालं.