ऊन गेल्यावरचा उतार

हिमालयातल्या एका देवदाराच्या जंगलात एक कोल्हीण आपल्या एकुलत्या एका पिल्लासह राहत असे. जंगलाच्या वरच्या अंगाला बर्फाचा मोठा उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी खडक. हिवाळ्यात सारी पिल्ले तिथे जमत, झाडाच्या सालीच्या फळीवर उभी राहत आणि सर्रकन खाली घसरत येत. खडक जवळ आले की अंग एका बाजूला झुकवायचे. फळीची कड बर्फात रुते आणि फळी थांबे. कोल्हिणीच्या पिल्लाला हे सगळ्यांत छान जमे.

कोल्हीण काळजी घेणारी होती. ऊन चढले की ती रोज उतारावर पंजा रोवून पाही. नखे आत गेली तरच पिल्लाला म्हणे, "जा आता."

एके दिवशी खेळ फार रंगला. ऊन डोंगराआड गेले, वारा बोचू लागला. फांदीवर बसलेला म्हातारा डोमकावळा म्हणाला, "कोल्हीणबाई, सावली पडली. पुन्हा एकदा पंजा रोवून बघा."

"दुपारी बघितलंय की हो. बर्फ अगदी मऊ होता."

"दुपारी ऊन होतं."

कोल्हिणीने पिल्लाला हाक मारली. तेवढ्यात वानराचे पोर खिदळले, "जा रे बाळा, आईच्या कुशीत झोप जा. तुझी पाळी मी घेतो."

पिल्लाचे कान पडले. "आई, एकदाच गं. मग लगेच घरी."

त्याचे तोंड पाहून तिला हसू आले. दिवसभर भक्ष्यामागे हिंडून ती दमली होती. उतारापर्यंत जाऊन पंजा रोवायचा तिला कंटाळा आला. "बरं, एकदाच," ती म्हणाली.

पिल्लू निघाले. सावलीत बर्फ गोठून दगडासारखा झाला होता. खडक जवळ येताच त्याने नेहमीसारखे अंग झुकवले, पण फळीची कड रुतलीच नाही. नुसती खरडत गेली. खडकावर आदळल्याचा फार मोठा आवाजही झाला नाही. कोल्हीण धावली, घसरली, पडत-झडत खाली पोहोचली आणि त्याला चाटत राहिली. मुलांनो, या गोष्टीत ते पिल्लू पुन्हा उठत नाही.

वानराचे पोर लांब उभे राहून रडत होते. "काकू, मी नुसती मस्करी करत होतो."

कोल्हिणीने त्याच्याकडे पाहिले. "तू घरी जा," ती म्हणाली. "उतारावरून नको. झाडांतून जा, हळू."

अंधार पडू लागला तरी ती तिथून हलेना. डोमकावळा खाली येऊन तिच्याजवळ बसला. तो म्हणाला, "स्वतःला दोष देऊ नका, बाई. असलं काही आधी कुणाला कळतं का?"

"तुम्ही सांगितलं होतं," कोल्हीण म्हणाली.

डोमकावळा तिच्या आणखी जवळ सरकला.

तात्पर्य : दुपारी घेतलेली खबरदारी संध्याकाळपर्यंत पुरत नाही. शेवटच्या खेपेलाही ती पहिल्या खेपेइतकीच घ्यावी. कारण काही चुका कळतात तेव्हा त्या सुधारायला वेळ उरलेला नसतो.