चौदाव्या शतकातला बटाटा

"...आणि 'नाइस' म्हणजे मुळात काय, ठाऊक आहे का बुवा?"

भिकाजीबुवांना काय ठाऊक असणार! डोंगरावरचा मठ, समोर मोड आलेल्या वालांचं पातेलं, आणि बोटं साली काढण्यात गुंतलेली. त्यांनी नुसती मान हलवली.

"मूर्ख!" डॉ. भार्गव मणेरीकर म्हणाले.

"कोण, मी?"

"नाही हो बुवा! त्या शब्दाचा अर्थ."

"मग हरकत नाही," बुवा म्हणाले.

हे डॉक्टर म्हणजे सुई टोचणारे नव्हेत, शब्दांचे. इंग्रजी शब्दांची कुळकथा मराठीत सांगणारा मोठा कोश त्यांनी तीस वर्षं खपून खंडाखंडानं उभा करत आणलेला. माणूस विद्वान, यात शंका नाही. पण विद्वत्तेबरोबर मानही ताठ झालेली. गेल्याच महिन्यात त्यांच्या सत्काराला कुणीतरी भाबडेपणानं म्हणालं, "सरांचं काम फार नाइस आहे." झालं! सरांनी माइक ओढून घेतला आणि भर सभेत सांगितलं, की आपण माझं काम मूर्खपणाचं ठरवलंत. लोक हसले. तो बिचारा ओशाळून खाली बसला, आणि नंतर जेवायलाही थांबला नाही.

"लॅटिनमध्ये 'ने' म्हणजे न, आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणं," डॉक्टर सांगत होते. "न जाणणारा! फ्रेंचांकडून इंग्रजीत आला, सातशे वर्षांपूर्वी, तो मूर्ख म्हणूनच आला. आता सगळं जग छान-छान म्हणून वापरतंय. वापरो बापडं. मूळ अर्थ तोच खरा अर्थ."

"अस्सं." बुवांनी पातेलं त्यांच्याकडे सरकवलं. "सोल."

डॉक्टरांनी घड्याळ काढून ठेवलं आणि सोलायला बसले. पहिले पाच-सहा वाल बोटांत चिरडलेच. विद्यार्थी असल्यापासून ते या मठात येत होते, आणि तेव्हापासून वाल चिरडतच होते.

"खाली पायऱ्यांशी कोण बसलंय रे?" बुवांनी विचारलं.

डॉक्टरांची बोटं थांबली.

"बसू दे. माझ्या मागोमाग एसटीनं आलाय. मी बोललो नाही त्याच्याशी."

"नाव काय त्याचं?"

"आठ वर्षं झाली, मी त्याचं नाव घेत नाही."

नाव होतं दत्ताराम घाडी. कोशाच्या कामात डॉक्टरांचा उजवा हात. शब्द कोणत्या साली, कोणत्या वाक्यात, कोणत्या अर्थानं आला, ते जुन्या पुस्तकांतून हुडकायचं आणि चिठ्ठीवर उतरवायचं, हे त्याचं काम. डॉक्टरांना मूलबाळ नव्हतं. दत्ताराम घरातच जेवायचा, घरातच झोपायचा.

"काय केलंन त्यानं?"

"खोटी वाक्यं रचली, बुवा! अकरा शब्दांची जुनी वाक्यं सापडेनात, छपाई तोंडावर आलेली, मी घाई करत होतो... तर यानं बसून स्वतःच बनवली. जुन्या वळणाची भाषा, खाली साल, पुस्तकाचं नाव, सगळं! आणि या 'नाइस'साठी काय वाक्य? 'मूर्ख चाकरानं धन्याचे बटाटे करपवले.' साल तेराशे ऐंशी."

"मग?"

"मग काय मग! बटाटा त्या देशात पोचायला अजून दोनशे वर्षं होती!"

बुवा असे हसले, असे हसले, की मांडीवरच्या साली अंगणभर उडाल्या.

"हसताय काय! माझा कोश बुडाला असता!" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "सगळ्या कोशमंडळासमोर त्याला खोटारडा म्हटलं आणि हाकलून दिला. मुलासारखा होता हो. म्हणून जास्त लागलं."

बुवांचं हसू थांबलं. त्यांनी साली गोळा केल्या.

"आता का आलाय?"

"त्या अकराही शब्दांची खरी वाक्यं घेऊन आलाय. आठ वर्षं कुठल्या कुठल्या ग्रंथालयांतून धूळ खाल्लीन म्हणे. मंडळानं माझ्याकडे पाठवली, मी ताडून पाहिली. सगळी खरी आहेत." डॉक्टरांनी आणखी एक वाल उचलला. "शेवटचा खंड राहिलाय. बारीक अक्षराला माझे डोळे गेल्यात जमा. हे काम जाणणारा दुसरा कुणी नाही. मंडळ म्हणतंय, त्याला परत घ्या. उद्या मला हो की नाही, ते लिहून द्यायचंय."

"मग माझ्याकडे का आलास?"

"तुम्ही एकदा म्हणा, बुवा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, एवढंच म्हणा. मग मी 'नाही' लिहून मोकळा होतो."

बुवा सोलत राहिले. एक मूठ वाल संपले. दुसरी मूठ संपली.

"भार्गवा, तुझ्या त्या मूर्खाचा छान कुणी केला रे?"

"कुठल्या... अच्छा, 'नाइस'चा?"

"राजानं हुकूम काढला?"

"छे! शब्दांच्या बाबतीत राजाला कोण विचारतो."

"मग तुझ्यासारख्या पंडितांनी केला असेल."

डॉक्टर किंचित लाजले. "पंडितांनी तर नाकं मुरडली."

"मग?"

"लोक बोलत राहिले, बुवा. आधी मूर्ख, मग नखरेल, मग चोखंदळ, मग नाजूक... असा सरकत सरकत छानपर्यंत आला. चारशे वर्षं लागली."

"अरे, पण मध्ये कुणी शहाण्यानं सांगायचं नाही का? हा मुळातला मूर्ख आहे, याला तोंडात घेऊ नका म्हणून?"

"सांगितलं तरी ऐकतंय कोण!"

"आणि तुझ्या चिठ्ठीवरनं तो जुना मूर्ख पुसून टाकलास?"

"पुसेन कसा? पहिल्या ओळीत तोच आहे. खाली बाकीचे."

"असू दे तर पहिल्या ओळीत," बुवा म्हणाले. "आता एखादा सरळमार्गी शब्द दाखव. जन्मल्यापासून ज्याचा अर्थ तसूभर हलला नाही, असा."

डॉक्टरांचे डोळे चमकले. हा त्यांचा लाडका प्रांत. हात धोतराला पुसून त्यांनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली आणि दोन्ही हातांनी समोर धरली.

"हा बघा! हजार वर्षं झाली. एकच अर्थ. डाग नाही, वळण नाही."

"वा! म्हणून दाखव."

डॉक्टरांनी तोंड उघडलं...

...आणि मिटलं.

"म्हण की रे. मला काय कळणार आहे चूक का बरोबर!"

"तसं नाही, बुवा..." डॉक्टर चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन उगाच पाहत राहिले. "हा एका पोथीत एकदाच आलाय. त्यानंतर कुणी वापरलाच नाही. खरा उच्चार कसा होता, ते आता छातीवर हात ठेवून कुणीच सांगू शकत नाही."

"हजार वर्षांत कुणी तोंडात घेतला नाही?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही, बुवा."

"म्हणून हलला नाही होय!" बुवा म्हणाले, आणि पुन्हा सोलू लागले.

वारा सुटला. अंगणातल्या साली इकडून तिकडे गेल्या. डॉक्टर चिठ्ठीकडे पाहत राहिले. किती अभिमानानं दाखवली होती त्यांनी ती, याआधी किती जणांना! आता त्यांना त्या शब्दाची नुसती दया आली. दया आली आणि भीतीही वाटली. आठ वर्षं घरात ते दुसऱ्या एका माणसाला 'तो' म्हणत आले होते. बायकोच्या ओठांवर एकदा ते नाव आलं, तर ताटावरून उठले होते.

त्यांनी चिठ्ठी पिशवीत ठेवली आणि उठून कठड्यापाशी गेले. खाली शेवटच्या पायरीवर दत्ताराम बसला होता. केस पिकले होते त्याचे. आठ वर्षांपूर्वी एक पांढरा नव्हता. मांडीवर कागदांचं बोचकं, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दोन्ही हात.

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोतीबिंदूचं निमित्त सांगता आलं असतं, पण त्यांनी सांगितलं नाही.

"बुवा," ते वळून म्हणाले, "चारचौघांत खोटारडा म्हटलंय मी त्याला. आता दुसरं काय म्हणू?"

बुवांनी पातेल्यातून मान वर केली नाही.

"आधी हाक तर मार."