बापूसाहेबांचं विश्वविक्रमी हळदीकुंकू

“त्या आवटींच्या नव्या सुनेला पहिल्या रांगेत बसवा. तोंडातून शब्द काढत नाही, म्हणजे उठूनही जायची नाही!”

मांडवाच्या कनातीआड मी कुंकवाची तबकं पुसत होते. पलीकडं बोलत होते ते सुमेधराव, पुण्याहून खास आणलेले इव्हेंटवाले. आवटींची नवी सून म्हणजे मीच. मी तबक आणखी हळू पुसायला घेतलं. बोलणं अजून संपलं नव्हतं.

भानगड अशी होती. कराडच्या ‘डांगरे डबे’चे मालक बापूसाहेब डांगरे यांना जगात नाव काढायचं होतं. नुसत्या जाहिराती पुरे झाल्या, आता विश्वविक्रम! रथसप्तमीला एका मैदानात दोन हजार बायकांचं हळदीकुंकू. प्रत्येकीला वाण म्हणून डांगरेंचा स्टीलचा डबा. विक्रमवाल्यांची अट एकच, दोन हजार जणी सलग दहा मिनिटं एकाच वेळी आत हव्यात.

आज त्याची रंगीत तालीम होती. दोनशे बायकांना बोलावलं, दोनशेच्या दोनशे आल्या. पण एका वेळी आत जास्तीत जास्त किती होत्या? एकोणचाळीस! कुंकू लावलं, तिळगूळ घेतला, डबा पिशवीत टाकला, “येते हं, अजून पाच घरं राहिलीत!” आणि बाई बाहेर. हळदीकुंकवाला बसायला का कुणी येतं? पण हा बेत आखला होता सगळ्या पुरुषांनी, आणि हळदीकुंकवाच्या वेळी पुरुषांना घराबाहेर पिटाळलेलं असतं. त्यांना कसं कळावं?

“साहेब, दहा मिनिटं गेट बंद करू,” सुमेधराव म्हणाले.

“सवाष्णींना कोंडायचं? माझ्या मांडवात?” बापूसाहेब कडाडले.

“मग डबा जाताना देऊ.”

“माझ्या आईनं आल्या बाईला रिकाम्या हातानं कधी उभं केलं नाही! पाऊल आत पडलं की वाण हातात!”

“निदान माइकवरून थांबायची विनंती...”

“वाण देऊन वर अट? ते वाण की मजुरी?”

मग बापूसाहेब ह्यांच्याकडं वळले. हे कंपनीत जाहिरातीचं काम बघतात.

“आवटी! दार उघडं राहील, डबा येताक्षणी मिळेल, थांबा म्हणून कुणी म्हणणार नाही. आणि तरी दोन हजार जणी दहा मिनिटं हलता कामा नयेत! जमलं तर ठीक. नाही तर दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या गोदामाची किल्ली तुमच्या हातात. दोन वर्षं! आणि तिथं राहायला एकच खोली आहे, चौकीदारासोबत.”

लग्नाला आमच्या महिना झाला होता.

घरी हे ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसले. मी आमटी वाढता वाढता विचारलं, “रथसप्तमीसाठी नोंदणी केलीय ना, त्या कागदावर बायकांची पूर्ण नावं आहेत का?”

“आहेत. का?”

मग मी सांगितलं. एवढं सलग बोललेलं ह्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. हे ताटावरून उठले ते हात न धुताच फोनकडं धावले. दुसऱ्या दिवसापासून भांड्यांवर नावं घालणारे चार कारागीर कंपनीत बसले. आठ दिवस नुसती करकर, करकर!

रथसप्तमी उजाडली. बायका आल्या. पाऊल आत, डबा हातात, दार सताड उघडं! पहिली बाई सवयीनं परत फिरली आणि दारातच थबकली.

“अगंबाई! झाकणावर हे कुणाचं नाव? सौ. सुलभा विठ्ठल थोरात? मी कुठं सुलभा?”

दुसरी ओरडली, “ओ, वैजयंता शिवाजी निकम कोण? तुमचं झाकण माझ्याकडं आहे!”

“मीच ती! पण तुमचं माझ्याकडं नाही हो. हे कुणा इंदुमतीचं आहे!”

“घोळ झाला! झाकणांची अदलाबदल झाली!” सुमेधरावांनी डोक्याला हात लावला.

“झाली नाही, केलीय,” हे शांतपणे म्हणाले.

मैदानात नुसता कल्लोळ माजला. जिचं झाकण अजून दारातून आत यायचंच होतं, तिनं जायचं कसं? मोरे हाका मारत होत्या शिंद्यांना, शिंदे शोधत होत्या जगतापांना. बाहेर स्कूटरवरचे नवरे हॉर्न वाजवत होते. “अगं, चल की!” “थांबा हो, माझं झाकण आलं नाही अजून!” सापडलं की दोघी एकमेकींना कुंकू लावत होत्या आणि माहेर कुठलं तेही विचारत होत्या. दहा मिनिटं कधीच संपली. विक्रमवाल्यांनी आकडा जाहीर केला, दोन हजार अकरा! बायकांचं तिकडं लक्षही नव्हतं.

बापूसाहेब खो खो हसत सुटले. टोपी पडली, ती उचलून पुन्हा हसले.

“आवटी, डोकं कुणाचं हे?”

हे बाजूला झाले. मागं मी उभी होते.

“सूनबाई, तुम्ही? वा! गोंदिया रद्द! आठ दिवस दोघं महाबळेश्वरला जाऊन या, गाडी माझी! आणि पुढच्या वर्षीचा बेत तुम्हीच आखायचा!”

सुमेधरावांना काही राहवेना. “पण मॅडम, डबा तर मिळालाच होता. झाकणही घट्ट बसत होतं. नाव दुसरीचं असलं म्हणून काय बिघडलं? तसाच घेऊन गेल्या असत्या तर?”

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी पदर सारखा केला.

“दुसरीचं नाव घरी नेलंही असतं हो एखादीनं. पण आपलं नाव रोज परक्या बाईच्या ओट्यावर, तिच्या सासूच्या हाताखाली ठेवून कोण जाईल?”